शंभू मेस्त्रीचा कान

केडगावचं रेल्वे फाटक उघडलं, तेव्हा रांगेत सगळ्यात पुढं सुषमाची पांढरी मारुती उभी होती आणि नेमकी तीच बंद पडली होती.

मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, माणसं कोंबलेली एक वडाप जीप, चार-पाच बैलगाड्या आणि त्यांच्याही मागं कोण जाणे किती. इतका वेळ बिड्या ओढत निवांत बसलेल्या सगळ्यांना एकाएकी घाई झाली. मारुतीच्या दारावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘भरारी लेडीज मोटार ट्रेनिंग, तळेगाव ढमढेरे’. मग काय विचारता! “आवो ताई, मारा की भरारी!” जीपवाला ओरडला आणि ट्रॉलीवरची माणसं फिदीफिदी हसली.

स्टिअरिंगवर वच्छलाबाई होत्या. वय पंचेचाळीस, गावच्या सरपंच, ग्रामसभेत भल्याभल्यांची बोलती बंद करणाऱ्या. पण गाडी बंद पडली की त्यांचा चेहरा पहिलीतल्या पोरीसारखा व्हायचा.

“माझंच चुकलं व्हय गं सुषे? क्लच सुटला का?”

“न्हाई काकू. तुमचं काय बी चुकलं न्हाई. ही गाडीच अशी करती.”

खरंच होतं ते. महिनाभर हेच चाललं होतं. पळताना गाडी शहाण्यासारखी पळायची. पण कुठं थांबली, इंजिन स्लोवर आलं, की थरथरायची, खोकायची, मागून काळा धूर सोडायची आणि गप्प व्हायची. शिकणाऱ्या बायकांना वाटायचं, आपल्यालाच जमत नाही. सहा जणींपैकी दोघींनी तर क्लास सोडूनही दिला होता. सुषमानं पुढ्यातली पिशवी उचलून खांद्याला लावली आणि ती खाली उतरली. हजेरीचं रजिस्टर, बायकांचे लायसनचे कागद, थर्मास, डबा, पाण्याची बाटली असा सगळा संसार त्या पिशवीत असायचा आणि ती पिशवी सुषमा कुठंही एकटी सोडायची नाही.

फाटकाशेजारी पत्र्याची शेड होती. तिथून एक तरुण हात पुसत शांतपणे चालत आला. मागचे हॉर्न त्याला जणू ऐकूच येत नव्हते.

“बॉनेट उघडू?” सुषमानं विचारलं.

“नगं. चावी मारा नुसती.”

वच्छलाबाईंनी चावी मारली. इंजिन लगेच चालू झालं आणि… काय सांगावं, अगदी लोण्यासारखं चालू लागलं! ना थरथर, ना खोकला. त्या तरुणानं बॉनेटवर कान टेकवला आणि डोळे मिटले. त्याच्या गालावर ग्रीसचा एक फराटा होता आणि पापण्या… एवढ्या लांब पापण्या मेस्त्री माणसाला काय करायच्या आहेत, असं सुषमाच्या मनात येऊन गेलं.

“ह्या इंजिनाला काय बी झालेलं न्हाई,” तो डोळे उघडत म्हणाला.

“मग बंद कशी पडली?”

“ते इंजिनाला न्हाई, तुमास्नी इचारावं लागंल.”

राग आला की सुषमा पुस्तकी बोलायची. शिरूरच्या कॉलेजात बी. ए. केल्याची तेवढीच खूण शिल्लक होती. “म्हणजे बाई चालवते आहे म्हणून बंद पडते, असं म्हणायचं आहे का आपल्याला?”

“तसं मी म्हणलो न्हाई.” तो गालात हसला. “इंजिन म्हणतंय.”

पैसे घ्यायलाही तो तयार झाला नाही. काही केलंच नाही तर घेऊ कशाचे, म्हणाला. सुषमा फणकाऱ्यानं गाडीत बसली. पण पारगावचा पूल येईपर्यंत तिनं दोनदा आरशात पाहून आपले केस नीट केले, हे मागचं वाहन बघायच्या आरशाला शोभणारं काम नव्हतं.

तळेगावात गॅरेजं नव्हती असं नाही. तिघांकडं जाऊन झालं होतं. तिघांनीही एकच उपाय केला होता. स्क्रू पिळायचा, रेस वाढवून द्यायची. मग गाडी बंद पडायची नाही हे खरं, पण ब्रेकवरचा पाय जरा सैल झाला की आपणहून पुढं ओढायची आणि बायका किंचाळायच्या. त्यामुळं चार दिवसांनी वच्छलाबाई बहिणीकडं केडगावला जायला निघाल्या, तेव्हा ‘लांबच्या रस्त्याची प्रॅक्टिस’ म्हणून सुषमानं पुन्हा तीच वाट धरली. न्हावऱ्यात गाडी बंद पडली, पारगावात पडली, फाटकापाशी तर पडलीच पडली. आणि पिशवी खांद्याला लावून सुषमा त्या तरुण मेस्त्रीच्या, शंभूच्या शेडमध्ये उतरली की गाडी पुन्हा साळसूद.

शंभूची ख्याती तिला आता कळली होती. पाटसपासून यवतपर्यंत लोक त्याला ‘कानवाला मेस्त्री’ म्हणायचे. त्याचा आजा बिरदेव दोनशे मेंढरं राखायचा आणि अंधारात कुठलं मेंढरू खोकलं ते आवाजावरून सांगायचा. तो कान नातवाकडं आला, एवढंच. मेंढरांच्या जागी मोटारी आल्या. सुषमाच्या घरीही आता-आतापर्यंत मेंढरंच होती. वडील म्हस्कूआबा अजून स्वप्नात कळप हाकायचे. म्हणून तिला ती गोष्ट ऐकताना हसू आलं नाही, उलट बरं वाटलं.

“हे बघा.” शंभूनं काढलेला प्लग तिच्यापुढं धरला. काळाकुट्ट. “प्लग म्हणतोय, गाडी पेट्रोल जास्त पिती. आन् आवाज म्हणतोय, थेंबबी जास्त पीत न्हाई. दोघांतलं कुणीतरी एक खोटं बोलतंय.”

“तुमचा विश्वास कुणावर?”

“आवाजावर. आवाज खोटं बोलला तर मी घरी बसायचं.”

“मग चालवून बघा की.”

“तुमीच चालवा. मी शेजारी बसतो.” तो जरा घुटमळला. “माझ्याकडं लायसन न्हाई.”

“काय? गाड्या दुरुस्त करता आन् लायसन न्हाई?”

“गाड्या माझ्याकडं येत्यात. मला कुठं जावं लागतंय?”

सुषमाला एवढं हसू फुटलं की तिच्या हातातून चावी पडली. दोघंही एकदमच वाकले. त्याच्या हाताला रॉकेल आणि साबण दोन्हींचा वास होता. चावी कुणी उचलली ते दोघांपैकी कुणालाच नंतर आठवलं नाही.

वच्छलाबाई मागं बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. सुषमानं गाडी वरवंडच्या दिशेनं घेतली. कुठल्याशा गुऱ्हाळातून ताज्या गुळाचा वास येत होता. दर दोन-तीन किलोमीटरला शंभू म्हणायचा, “थांबा… स्लोवर ठेवा… बोलू नका.” मग तो डोळे मिटून ऐकायचा आणि सुषमा त्याच्याकडं बघायची. गाडी एकदाही बंद पडली नाही.

“तुमी संगं असला की नीट चालती,” ती म्हणाली आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन तिनं उगाचच हॉर्न वाजवला.

मागून वच्छलाबाई खोकल्या.

तिसऱ्या फेरीला शंभूनं कार्बोरेटर उतरवला. एकेक जेट तोंडानं फुंकून साफ केलं, दोन वायसरं नवी घातली. काम झाल्यावर सुषमानं थर्मासमधला चहा ओतला, तर हा माणूस हात धुवायला गेला तो येईचना. एकदा रॉकेलनं, मग साबणानं, मग पुन्हा साबणानं.

“एवढं कशाला? चहाच हाय,” ती म्हणाली.

“तुमच्या कपाला डाग पडंल.”

“पडू द्या की.”

त्यानं कप घेतला खरा. पण चहा निवेपर्यंत तो नुसता हातात धरून बसला होता.

त्याच दिवशी परतताना न्हावऱ्याच्या चौकात गाडी पुन्हा थरथरायला लागली. पेट्रोलचा भपकारा आला. आता बंद पडणार म्हणून सुषमानं पाणी प्यायला पिशवी उचलली… आणि इंजिन शांत झालं.

तिनं पिशवी परत अडकवली. इंजिन खोकलं.

उचलली. शांत.

पुन्हा अडकवली. धूर!

डॅशबोर्डखाली चोकचा बुडका होता, बोटांत मावेल एवढी मूठच ती. थंडीत इंजिन लवकर चालू व्हावं, म्हणून ओढायचा. त्याची पट्टी कधीतरी तुटली होती आणि बुडका खाली लोंबत होता. सुषमाला ती पिशवी अडकवायला फार सोयीची खुंटी वाटली होती. पिशवीच्या वजनानं चोक बाहेर यायचा, इंजिनाला नको तेवढं पेट्रोल मिळायचं आणि स्लोवर ते गुदमरायचं. पिशवी उचलली की स्प्रिंग बुडका आत ओढून घ्यायची. शेडमध्ये ती दरवेळी पिशवी घेऊन उतरायची आणि मेस्त्रीपुढं गाडी ठणठणीत. महिनाभर तीन गॅरेजांनी, सहा बायकांनी आणि एका कानवाल्या मेस्त्रीनं जिच्यापुढं हात टेकले, ती चूक चहाच्या थर्मासची होती!

सुषमा एकटीच खळखळून हसली. वच्छलाबाई बहिणीकडं मुक्कामाला राहिल्या होत्या, त्यामुळं तिचं हसू बघायला कोणी नव्हतं. उद्या सकाळीच त्याला फोन करायचा, तिनं ठरवलं. शेडशेजारच्या बूथचा नंबर तिच्या रजिस्टरमध्ये होता… कधीपासून होता, ते विचारू नका.

मग तळेगाव जवळ यायला लागलं, तसं तिचं हसू ओसरत गेलं. गाडी नीट झाली म्हणजे केडगाव संपलं. बॉनेटवर टेकवलेला तो कान, त्या पापण्या, हातात धरून निववलेला चहा सगळंच संपलं. घरापाशी गाडी लावताना तिला चक्क रडू यायला लागलं.

उद्या सांगू, ती स्वतःला म्हणाली. उद्या म्हणजे परवा.

बायकांचे क्लास आता झकास चालले, कारण पिशवी मागच्या सीटवर गेली होती. सोडून गेलेल्या दोघीही परत आल्या. मात्र आठवड्यातून दोनदा वच्छलाबाईंबरोबर केडगावच्या वाटेवर पारगावचा पूल ओलांडला की सुषमा ती पिशवी हळूच पुढं घ्यायची, बुडक्याला लावायची आणि काळा धूर सोडत फाटकापर्यंत यायची. शंभू दुरून धूर बघून शेडबाहेर यायचा. ती पिशवी खांद्याला लावून उतरायची. एवढं गोड पाप तिनं आयुष्यात केलं नव्हतं.

पण शंभू वाळत चालला होता, हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला. आधी तो हसायचा, मग हसणं कमी झालं. त्यानं पॉइंट बदलले, पंप उघडला, टाकीतलं पेट्रोल गाळून पाहिलं. चहाच्या दिवसानंतरच्या चौथ्या खेपेला त्यानं बॉनेटवर टेकवलेला कान उचलला आणि हत्यारं गोळा करायला घेतली.

“काय झालं?”

“दौंडला जाऊन आलो काल,” तो म्हणाला. “कानाच्या डॉक्टरकडं.”

“कानाच्या…?”

“त्यानं पिचकारी मारून कान धुतला. म्हणाला, कान चांगला हाय. पर चांगला असता तर तुमची गाडी कळली नसती व्हय?” त्यानं पाना पुसून पेटीत ठेवला. “रांजणगावच्या कंपनीत लागतोय सोमवारपास्नं. चुलत भाऊ हाय तिथं. कारेगावात खोली घेतलीय. बोल्ट पिळायचे, यंत्र सांगंल तेवढे. तिथं कान लागत न्हाई.”

“आन् गॅरेज?”

“ज्या कानावर धंदा केला तोच गेला, तर गॅरेज कशाला?”

सुषमाला तिथंच सगळं सांगायचं होतं. तोंड उघडलंही, पण एक ट्रक आला, ड्रायव्हर खाली उतरून शंभूशी बोलायला लागला आणि ती… ती घाबरली. याला कळलं तर हा आपलं तोंडसुद्धा बघणार नाही. ती गाडीत बसली आणि तिनं स्टिअरिंगवरच्या वच्छलाबाईंना निघायला सांगितलं.

पारगावच्या पुलावर वच्छलाबाईंनी गाडी बाजूला घेतली, ब्रेक ओढला आणि त्या तिच्याकडं वळल्या.

“सुषे, एक इचारू? पिशवी माझ्या मांडीवर असली की गाडी बंद पडत न्हाई. मागच्या सीटवर असली तरी पडत न्हाई. फकस्त केडगाव जवळ आलं की पिशवीला फुडं बसायचं असतं. हे काय गौडबंगाल हाय गं?”

सुषमाचा चेहरा लालबुंद झाला. “तुमाला म्हाईत होतं?”

“सरपंच हाय मी. कोण काय लपवतंय ते वळखायचंच माझं काम.” वच्छलाबाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. “मी गप्प बसले, कारण मला मज्जा वाटली. आता न्हाई वाटत. मी बहिणीकडं मुक्कामाला होते, तवा त्या पोरानं माझ्यादेखत ट्रॅक्टरचा नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगितलं होतं. त्याचा गुण तू त्याच्याकडनं काढून घेतलास, पोरी. परत देऊन ये.”

रविवारी सकाळी सुषमा केडगावला पोचली, तेव्हा शेडच्या दारात पत्र्याची पेटी बांधून ठेवलेली होती. पाट्या उतरवल्या होत्या. शंभू पायरीवर बसला होता. आज मारुतीमागं धूर नव्हता, म्हणून तो उठलाही नाही.

“गाडी चालू ठिवते. तुमी ड्रायव्हरच्या जागी बसा,” सुषमा म्हणाली. वच्छलाबाई न सांगताच बाहेर उतरून फाटकाकडं बघत उभ्या राहिल्या.

“कशाला आता…”

“बसा म्हणते ना! डोळं मिटा. ऐका.”

तो बसला. इंजिन स्लोवर चालू होतं, एकसारखं, शांत.

“कसंय?”

“पयल्या दिवशी व्हतं तसंच. काय बी झालेलं न्हाई. पर माझ्या म्हणण्याला आता…”

सुषमानं पिशवी बुडक्याला अडकवली.

इंजिन दचकलं. थरथरलं, खोकलं, मागं काळा धूर निघाला आणि पाच-सहा आचक्यांनंतर ते बंद पडलं. शंभूनं डोळे उघडले. पिशवीकडं पाहिलं, लोंबणाऱ्या बुडक्याकडं पाहिलं, मग सुषमाकडं.

“तुमचा कान खरा होता,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून खरा होता. दोष माझ्यात होता.”

“कवा कळलं तुमास्नी?”

“चहा प्यालो त्या दिवशी. परत जाताना. न्हावऱ्यात.”

“म्हंजी… पंधरा दिस?” तो एकदम ताठ झाला. “पंधरा दिस मी टाक्या गाळतोय, दौंडला जाऊन कानात पिचकाऱ्या मारून घेतोय, आन् तुमी…”

“मला क्षमा करावी. माझ्याकडून फार मोठा अपराध…” सुषमा पुस्तकी बोलायला लागली. पण ते पुस्तक तिच्याच्यानं पुढं वाचवेना. डोळे भरून आले आणि घरची भाषा बाहेर पडली. “गाडी नीट झाली म्हणून सांगितलं असतं, तर मी हितं कोणत्या तोंडानं आले असते? मला तुमच्याकडं यायचं होतं. गाडीसाठी न्हाई… तुमच्यासाठी. मला तुमी आवडता. झालं! आता जायचं तर जावा कारेगावला.”

शंभू गाडीतून उतरला आणि शेडच्या दाराकडं गेला. संपलं, सुषमाला वाटलं. तिनं पदरानं डोळे पुसले.

मागून दोरी सुटल्याचा आवाज आला. मग पेटीचं झाकण. शंभूनं बांधलेली पेटी उघडली होती आणि तो आत काहीतरी शोधत होता. एक जाड खिळा त्यानं ऐरणीवर ठोकून वाकवला, स्क्रू घेतले, पाना घेतला आणि तो परत आला. गाडीत वाकून त्यानं आधी चोकची तुटकी पट्टी नीट बसवली. मग डाव्या बाजूला, तिच्या हाताला येईल अशा जागी, तो आकडा पक्का केला. हातानं ओढून पाहिला.

“पिशवी हितं टांगायची,” तो खाली मान घालूनच म्हणाला. “आता बंद पडायची न्हाई.”

“आन् कारेगाव?”

“पेटी सोडली की आता. पुन्हा बांधायचा कटाळा हाय मला.” मग त्यानं मान वर केली. पापण्या ओल्या होत्या आणि तो हसत होता. “खरं सांगू? कान गेला, त्याचं एवढं वाटलं न्हवतं. तुमच्याम्होरं हरलो, ते सोसवंना. दुसऱ्या कुणाची गाडी असती, तर पयल्याच दिवशी दुसरीकडं घालवली असती मी.”

सुषमाला हसू की रडू ते कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

“पर आता गाडी बंद पडत न्हाई म्हटल्यावर मी यायचं कसं?” तिनं विचारलं.

“तुमी कशाला? मीच येतो की तळेगावला. लायसन काढायचंय.”

“आमचा क्लास लेडीज हाय.”

“दारावर लिवलंय, दिसलं मला.” शंभूनं कान खाजवला. “एका गड्यापुरती सूट मिळंल का, ते इचारा तुमच्या सरपंचांना.”

“ठराव मंजूर!” फाटकाकडं तोंड करून उभ्या असलेल्या वच्छलाबाई तिथूनच ओरडल्या. “आन् म्हस्कूआबांशी बोलायचं काम मी अंगावर घेते. बिरदेवाचा नातू म्हणल्यावर तो म्हातारा आधी मेंढरांचीच चौकशी करंल!”

पहिला धडा तिथंच सुरू झाला. वच्छलाबाई मागं बसल्या, सुषमा डावीकडं आणि स्टिअरिंगवर शंभू. पिशवी नव्या आकड्याला निमूट लटकत होती. फाटक पडलेलं होतं, दौंडकडं जाणारी गाडी धडधडत निघून गेली, मग फाटक हळूहळू वर गेलं. इंजिन लोण्यासारखं चाललं होतं.

“क्लच दाबा,” सुषमा म्हणाली. “पहिला टाका. आता क्लच हळू… हळू सोडा.”

गिअरवर त्याचा हात होता. तिनं त्यावर आपला हात ठेवला, शिकवायला म्हणून. शंभूचा पाय क्लचवरून एकदम सुटला. गाडीनं एक उडी मारली आणि ती बंद पडली.

मागं ट्रॉल्यांचे हॉर्न सुरू झाले. “आवो फाटक उघडलं! चला की!” कुणीतरी ओरडलं.

“आता कशानं बंद पडली?” सुषमानं हळूच विचारलं.

शंभूनं डोळे मिटले, कान दिला आणि तिचा हात मुळीच न सोडता म्हणाला, “थांबा… ऐकू द्या.”